नुसतं फिरायला

पंचवीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारला. कुठं जायचंय? लोक गावाचं नाव सांगायचे आणि मी तिकीट द्यायचे. कशाला जायचंय, हे मी एकालाही विचारलं नाही. कंडक्टरला तो अधिकारच नसतो. माणसानं भाडं दिलं की त्याला जायचा हक्क आहे. मग तो लग्नाला जावो, कोर्टात जावो, नाहीतर नुसता खिडकीतून बाहेर बघत परत येवो. ही एवढी साधी गोष्ट माणसांना एसटीतून उतरल्याबरोबर का कळेनाशी होते, ते मला अजून उमगलेलं नाही.

मी पद्मा खिल्लारे. गेल्या वर्षी हिंगोली डेपोतून रिटायर झाले. शेवटची सहा वर्षं माझ्याकडे सिद्धेश्वरची फेरी होती. सकाळी सातला निघायचं, औंढ्याला दहा मिनिटं थांबायचं आणि सव्वाआठला धरणाच्या भिंतीजवळ पोचायचं. तिथून गाडी डोंगराला मोठा वळसा घालून, चार वाड्यांतली माणसं गोळा करत चिंचफाट्याला जायची. पण पाण्याच्या काठाकाठानं एक पायवाट थेट चिंचफाट्यालाच निघते. गुरांनी आणि गाळपेर करणाऱ्यांनी मळलेली, हातभर रुंदीची. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, टरबूज घेणारे लोक तिच्यावरून ये-जा करतात. सहा वर्षं मी ती वाट खिडकीतून पाहिली. एका थांब्यावर उतरावं, पाण्याकडेनं आठ किलोमीटर चालावं आणि दुसऱ्या थांब्यावर परतीची गाडी धरावी, एवढंच मनात होतं. पण खांद्याला तिकिटाची पिशवी असताना उतरणार कशी?

रिटायर झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी निळे बूट घेतले आणि रविवारी सातच्या गाडीला प्रवासी म्हणून बसले. बायांना अर्धं तिकीट. धरणाच्या भिंतीजवळ उतरले आणि चालायला लागले. बारा वीसला चिंचफाट्यावरून हिंगोलीकडे गाडी जाते. ती हुकली तर पुढची थेट पाचला. मी पावणेबाराला फाट्यावर होते. तिथल्या चहावाल्यानं विचारलं, "बाई, कोनी बुडालं काय? पान्याकडून येऊन राहिल्या म्हनून म्हनलं."

"न्हाई," म्हटलं, "फिरायला गेल्ते."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू चहात मीठ मागितलं होतं.

पुढच्या रविवारी मंजुषा आली. ती माझ्या शेजारची, मेडिकलच्या दुकानात कामाला. आठवड्याचे सहा दिवस काउंटरमागे उभी असते आणि तरी तिला चालायची हौस. तिच्यामागून सुमनबाई आल्या. सुमनबाई मूळच्या जवळा बाजारच्या, चांगल्या बागायतदार घरच्या. नातवंडांच्या शाळेसाठी आमच्या गल्लीत राहायला आलेल्या. वय बासष्ट. त्यांना चालणं एवढं आवडलं की पाण्याकाठी पाय ठेवल्याबरोबर त्यांच्या तोंडाला कुलूप नसायचं. बगळे दिसले की बोलायच्या, टरबुजाचे वेल दिसले की बोलायच्या. पण घरी मात्र त्या सांगायच्या की देवाला जाते. पोरगा माऊली, सून, दीर, सगळ्यांना तेच. परतीला हिंगोलीच्या स्टँडवर पावशेर पेढे घ्यायच्या आणि घरी प्रसाद म्हणून वाटायच्या.

"सुनबाईनं विचारलं, प्रत्येक देवाचा पेढा एकाच चवीचा कसा काय?" एकदा त्या सांगत होत्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मीही हसले. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी वाटेवर कुंपण आलं.

पाचव्या किलोमीटरला एका बाजूनं डोंगराची उभी चढण आहे, काटेरी बोरी-बाभळींची. दुसऱ्या बाजूला पाणी. त्या दोन्हींच्या मधे सिमेंटचे खांब आणि जाळी, डोंगरापासून थेट पाण्यापर्यंत. मधे एक लोखंडी फाटक. फाटकापलीकडे नव्या झोपड्या, झोपाळे, आणि 'जलछाया कृषी पर्यटन' असा बोर्ड. फाटकाशी स्टुलावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता, हरिचंद नावाचा. डोक्याला रुमाल, हातात काठी आणि चेहरा गरीब.

"कुठं चालल्या बायांनो?"

"चिंचफाट्याला," मी म्हटलं.

"ही वाट बंद हाय आता. माणिकराव मालकाची जागा हाय ही."

"जागा मालकाची असंल. वाट काहून बंद?"

"मला काय इचारता माय? मालक म्हनले, हिंडायला येनाऱ्याला सोडायचं न्हाई. लोकं येतात, बाटल्या फोडून जातात."

मागं फिरायचं तर पाच किलोमीटर पुन्हा भिंतीकडे, आणि तिथली परतीची गाडी तोवर निघून गेलेली असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमनबाई पुढं झाल्या.

"दादा, आमी आसराला चाललो."

हरिचंद उठून उभाच राहिला. त्यानं हात जोडले आणि फाटक उघडलं.

कुंपणापलीकडे एका टेकाडावर बाभळीखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या आसरा, पाण्यातल्या देवी. लेकरू आजारी पडलं, नवी सून घरात आली, की बाया तिथं ओटी भरायला येतात. आसराच्या वाटेवर बाईला अडवायचं, असं धाडस आमच्या भागात कोणी करत नाही. अडवणाऱ्याच्या घरचं माणूस पाण्यात जातं म्हणतात. माणिकरावांनी सगळ्यांना बंदी केली होती, पण आसराला जाणाऱ्या बायांना सोडायचं, हे हरिचंदला बजावून सांगितलं होतं.

आम्ही झोपाळ्यांच्या बाजूनं पलीकडे गेलो. सुमनबाई खूश होत्या. गाडीत बसल्यावर मात्र माझा पारा चढला.

"आसराला चाललो असं काहून म्हनल्या तुमी?"

"मग काय म्हनू? सोडलं न त्यानं? तुझं काय गेलं त्यात?"

माझं काय गेलं, ते मला तिथं नीट सांगता आलं नाही. आता सांगते. माझी आई मजुरीला जायची तेव्हा वाटेत मोठ्या शेतकऱ्यांची घरं लागायची. तिथं आली की ती चपला काढून हातात घ्यायची आणि पुढं गेल्यावर पुन्हा पायात घालायची. मी लहानपणी विचारलं, कोणी सांगितलंय का असं? ती म्हणाली, "कोनी न्हाई सांगितलं. पन हातात घेतल्या की कोनी काही इचारत न्हाई." फाटकातून जाताना मला माझ्या हातात चपला असल्यासारखं वाटलं. वाट होती, पाय होते, अर्ध्या तिकिटाचे पैसे मी दिले होते. तरी मला आत सोडलं ते माझ्यासाठी नाही, एका खोट्या कारणासाठी. आणि मी गुपचूप गेले, हे जास्त झोंबलं.

तरी मी पुढचे पाच रविवार गेले. हेही कबूल करते. चालायची चटक लागली की माणूस स्वतःलाच समजावतो.

हरिचंदनं दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं, ओटी कुठं आहे? म्हणून सुमनबाईंनी पिशवीत ओटीचं सामान ठेवायला सुरुवात केली. एक हिरवा खण, मूठभर तांदूळ, नारळ. फाटकावर पिशवीतून वर काढून दाखवायचं आणि पलीकडे गेल्यावर परत पिशवीत टाकायचं. आसराच्या टेकाडाकडे आम्ही एकदाही वळलो नाही. वाट खालून जाते. "दर ऐतवारी नवा नारळ कुठून आनू?" सुमनबाई म्हणायच्या. हिशेब बराबर होता, पण एकदा चिंचफाट्यावर त्यांच्या हातातला चहा हिंदकळला आणि पिशवीतल्या खणावर सांडला.

पुढच्या रविवारी हरिचंदनं खण पाहिला. मग हातात घेऊन उलटा केला. तपकिरी डाग चांगला बशीएवढा होता.

"मागच्या ऐतवारीबी हाच खन व्हता," तो म्हणाला. "तवा डाग नव्हता." मग त्यानं नारळ हलवून पाहिला. त्याची शेंडी पिशवीत घासून घासून निम्मी झाली होती. "हाच नारळ हाय न, पयल्यापासून?"

सुमनबाईंनी पिशवी पदराखाली ओढली.

"मला फसवलं, त्याचं काई न्हाई माय. मी गरीब मानूस हाय. पन आसराला काहून फसवता?"

सुमनबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. हरिचंदनं फाटक लावून घेतलं. रागानं नाही, दुखावून. आम्ही मागं फिरलो. भिंतीजवळ पाचच्या गाडीची वाट बघत चार तास बसलो. सुमनबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. स्टँडवर उतरायला दिवस मावळला आणि त्यांचा माऊली तिथं गाडी घेऊन उभाच होता. "आई, बस झालं तुझं देव-देव," तो म्हणाला. आईला असं सगळ्यांसमोर बोलला, आणि त्या मान खाली घालून मागं बसल्या. त्यानंतर त्यांनी यायचं बंद केलं.

मला त्या रात्री स्वतःचीच चीड आली. सुमनबाईंना दोष देऊन काय उपयोग? आम्ही तिघी नुसतं चालत होतो, आणि चालण्याचं कारण म्हणून आम्हाला दुसऱ्याचा देव उसना घ्यावा लागला होता. देवाचाही अपमान आणि आमचाही. मी ठरवलं, यापुढं फाटकावर खरं तेच सांगायचं. फिरायला चाललोय. सोडलं तर ठीक, नाही सोडलं तर मागं फिरायचं आणि पुढच्या रविवारी परत जायचं.

मी सरकारी कचेरीत अर्जही दिला. पाण्याखाली जाणारी जमीन सरकारची, तिच्या हद्दीचे आकडे घातलेले दगड काठावर आहेत, आणि कुंपण त्या दगडांच्या कितीतरी खाली उतरलं होतं. मंजुषानं दगडांचे फोटो काढून जोडले. पण अर्जांची चाल मला नोकरीत कळली आहे, म्हणून अर्जाच्या भरवशावर एकही रविवार सोडला नाही.

तीन रविवार मी आणि मंजुषा फाटकापर्यंत गेलो.

"कुठं चालल्या?"

"फिरायला."

"न्हाई सोडता येत माय."

"बरं."

आणि मागं. पाच किलोमीटर जायचे, पाच यायचे, मग पाचपर्यंत बसायचं. हरिचंदला आमची दया यायची. एकदा त्यानं स्टूल मला दिलं आणि पाणी पाजलं. "आसरा म्हना न एकडाव," तो म्हणाला. "मी खन-नारळ बगनार न्हाई." मी म्हटलं, "हरिचंद दादा, तुमीच म्हनले न, आसराला काहून फसवता?" यावर तो हसला.

जानेवारीत रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं. चौथ्या रविवारी आम्ही फाटकाशी आलो आणि मंजुषा एकदम थांबली. "मावशी, तिकडं बघा."

कुंपणाचा शेवटचा खांब कोरडा उभा होता. माणिकरावांनी दिवाळीत कुंपण घातलं तेव्हा धरण तुडुंब होतं. त्यांना वाटलं, पाणी म्हणजे भिंतच. आता पाणी खाली सरकलं होतं, आणि शेवटच्या खांबापासून पाण्यापर्यंत चांगली दहा पावलांची ओलसर जमीन मोकळी पडली होती. मंजुषानं काठीनं गाळ दाबून पाहिला. वरचा पापुद्रा वाळला होता.

"हरिचंद दादा, फाटक नका उघडू," मी ओरडून सांगितलं. "आमी खालून जातो."

तो स्टुलावरून उठला, खांबापर्यंत आला, आमच्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "माझी डूटी कुंपनापुरती हाय."

बारा वीसची गाडी आम्हाला मिळाली. हिंगोलीला उतरल्यावर मी आधी सुमनबाईंच्या दारात गेले. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. "वाट मोकळी झाली," म्हटलं. "कोनाचं नाव घ्यायची गरज न्हाई." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पुढच्या रविवारी सातच्या गाडीला त्या आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. घरी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. हातात तीच पिशवी होती आणि पिशवीत तोच नारळ. ओटीतला नारळ फेकता येत नाही आणि खाताही येत नाही, म्हणून तो तिथंच पडून होता. चालताना खुळखुळ वाजायचा.

पुढं जे झालं, ते बघून कोणालाही हसू आलं असतं. माणिकरावांनी तीन खांब वाढवले. धरणातून पुन्हा पाणी सुटलं आणि पाणी आणखी खाली गेलं. आम्ही तिसऱ्या खांबाच्या खालून गेलो. त्यांनी आणखी चार खांब रोवले. पुढच्या पंधरवड्यात पाणी चौथ्याच्याही खाली. गाळात रोवलेले खांब हळूहळू कलायला लागले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. दर रविवारी मंजुषा नवे खांब मोजायची आणि आम्ही त्यांना शेवटच्या टोकाशी जाऊन हात लावून पुढं जायचो. मला माझ्या अख्ख्या नोकरीत एवढी मजा आली नव्हती.

मार्चच्या पहिल्या रविवारी माणिकराव स्वतः बसलेले होते. शेवटच्या खांबाशी प्लॅस्टिकची खुर्ची, बाजूला छत्री. आता त्यांनी कोरड्या जमिनीवर थांबायचं सोडून थेट पाण्यात दोन खांब रोवले होते. शेवटचा खांब गुडघ्याच्या वर पाण्यात, त्याला जाळी. हरिचंद पाण्यात उभा राहून तारा आवळत होता.

माणिकराव उठले नाहीत, पण बोलले आदरानं. "बाई, मी तुमाला ओळखतो. तुमच्या गाडीनं मी लई येळा औंढ्याला गेलोय. तुमी कोनाला फुकट बसू दिलं न्हाई."

"न्हाई दिलं," म्हटलं. "आन भाडं देनाऱ्याला कधी उतरूबी न्हाई दिलं."

"हे बगा, मला तुमची अडचन न्हाई. पन तुमाला सोडलं की उद्या धा लोकं येतात. दारू पितात, बाटल्या फोडतात, माझ्या गिऱ्हाइकांच्या लेकरांच्या पायात काचा जातात. आसराला जानाऱ्या बायांना मी अडवत न्हाई. ते पाप मला नको. तुमी फकस्त आसराचं नाव घ्या. मी फाटक उघडतो, जन्मभर उघडतो. खन न्हाई बगनार, नारळ न्हाई बगनार."

"आन नाव न्हाई घेतलं तर?"

"उगं हिंडायला ही वाट न्हाई."

"मी उगंच हिंडते, माणिकराव," मी म्हटलं. "दुसरं कारन न्हाई. डॉक्टरनं सांगितलं न्हाई, नवस न्हाई, कोनी हरवलं न्हाई. मी बाटली फोडली का कधी? न्हाई न? मग माझं तिकीट वेगळं, बाटलीवाल्याचं वेगळं. मला उगं हिंडायचंय, आन मी हिंडनार."

"पान्यातून जानार का मग?"

"पानी तुमचं हाय का?"

त्या दिवशी सातची गाडीच उशिरा सुटली होती, त्यामुळे इथंच साडेअकरा झाले होते. फाटा अजून तीन किलोमीटर होता.

मंजुषानं बूट काढायला सुरुवात केली होती. "मावशी, तुमचे बूट खराब होतील. हातात घ्या."

मी माझ्या निळ्या बुटांकडे पाहिलं. आईची आठवण एवढी जोरात आली की डोळे भरले, आणि मला रागही तेवढाच आला. "न्हाई," म्हटलं. "पायातच राहू दे." आणि मी बुटांसकट पाण्यात पाय घातला. थंडगार पाणी बुटात शिरलं. खाली चिखल भसाभसा रुतत होता. साडी मांडीपर्यंत भिजली. मी एकेक पाऊल उचलत शेवटच्या खांबापर्यंत गेले. हरिचंद तिथंच होता. त्यानं तार सोडली आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उजवीकडं खड्डा हाय माय. डाव्या अंगानं या." मी डाव्या अंगानं गेले. मागून मंजुषा आली, बूट पायात घालूनच.

सुमनबाई काठावर राहिल्या होत्या. माणिकराव त्यांच्याकडे वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"काकू, तुमी जवळ्याच्या न? तुमचं घर मला ठावं हाय. तुमच्यासारख्या घरंदाज बायांनी पान्यात काहून उतरायचं? तुमी तर आसरालाच जानाऱ्या हायेत. या इकडून, फाटकातून. हरिचंद, काकूंना फाटक उघड."

'तुमच्यासारख्या' म्हणजे कोणासारख्या नाही, ते मला पाण्यात उभं राहूनही कळलं. सुमनबाईंनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीत नारळ होता, खण होता. कोरडी वाट होती. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसतं फाटकाकडे चार पावलं टाकली की झालं. ते ठरवणं माझ्या हातात नव्हतं.

त्यांनी नऊवारीचा ओचा वर खोचला. "मी आसराला न्हाई चालले," त्या माणिकरावांना म्हणाल्या, आणि चपला घालूनच पाण्यात उतरल्या. एक चप्पल चिखलात अडकली, ती हरिचंदनं वाकून काढून दिली. त्यांनी ती परत पायात घातली आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.

पुढचे तीन किलोमीटर आम्ही चाललो म्हणण्यापेक्षा पळालो. फाट्यावर गाडी उभी होती आणि वैजनाथनं घंटी दिलेली होती. वैजनाथ माझ्या हाताखाली तयार झालेला कंडक्टर. आम्हाला पाहून त्यानं दार उघडलं.

"मॅडम, तुमीच शिकवलं मला, गाडी कोनासाठी थांबवायची न्हाई."

"मग कशाला थांबवली?"

"थांबवली न्हाई. डायवर साहेब बिडी पिऊन राहिले व्हते." त्यानं आमच्या पायांकडं पाहिलं. "आन ही गाडी कोन धुनार?"

"तीन हाफ, हिंगोली," मी म्हटलं.

गाडी बऱ्यापैकी भरलेली होती. आम्ही बसणार, एवढ्यात मधल्या सीटवरून आवाज आला, "वहिनी?"

सुमनबाईंचे दीर होते, देविदासराव. पांढरी टोपी, हातात लग्नाच्या आमंत्रणाच्या पत्रिका. त्यांनी भिजलेली साडी पाहिली, चिखलाच्या चपला पाहिल्या आणि मग पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी पाहिली. त्यांचा चेहरा निवळला.

"आसराला गेल्त्या व्हय? मला माऊली म्हनला व्हता, आई देव-देव लई करून राहिली. बरं झालं. परसाद द्या मंग."

गाडी सुरू झाली. सुमनबाई दांडा धरून उभ्या होत्या. मला वाटलं, त्या आता देतील काहीतरी उत्तर आणि खाली बसतील. बासष्ट वर्षं तेच केलं होतं त्यांनी. सोपं होतं आणि कोणाचं काही बिघडलंही नसतं.

"न्हाई भावजी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा होता. "आसराला न्हाई गेले. फिरायला गेल्ते."

"फिरायला? कुठं?"

"पान्याकाठानं. दर ऐतवारी जाते. देवाला कधीच न्हाई गेले. घरी पेढे आनते ते स्टँडवरचे हायेत."

अख्खी गाडी त्यांच्याकडं बघत होती. पुढच्या सीटवरचं एक पोरगं फोन खाली ठेवून मागं वळलं.

"पन काहून?" देविदासरावांना खरोखरच कळत नव्हतं. "काई कारन असंल न?"

"काई कारन न्हाई."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून नारळ काढला. चार महिन्यांचा, निम्म्या शेंडीचा, खुळखुळ वाजणारा. आणि सीटच्या लोखंडी दांड्यावर जोरात आपटला.

"ओ मावशी!" वैजनाथ ओरडला. "गाडी सरकारची हाय!"

दुसऱ्या आपटीत करवंटी फुटली. आत पाण्याचा थेंबही नव्हता. गोटा सुटून हातात आला, चांगला वाळलेला, पांढराशुभ्र. सुमनबाईंनी त्याचे तुकडे केले. एक मला दिला, एक मंजुषाला, एक वैजनाथला, एक त्या फोनवाल्या पोराला, आणि एक देविदासरावांच्या हातावर ठेवला.

देविदासरावांनी सवयीनं डोळे मिटले आणि तुकडा कपाळाकडे नेला.

"भावजी," सुमनबाई म्हणाल्या, "कपाळाला लावू नका. नुस्तं खोबरं हाय. खा."